प्रा. नरसिंहन : यंत्रापेक्षा पाया मोठा

डहाणू तालुक्यातील विवळवेढे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते महालक्ष्मीमुळे. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत, गडाच्या पायथ्याशी असलेल्या या देवस्थानाची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील आदिवासी समाज तेथे लोटतो. याच मुलखातील वारली घरांत लग्नप्रसंगी भिंतीवर चौक लिहिला जातो. सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ आणि बांबूची काडी एवढीच त्याची सामग्री. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा एवढीच त्याची मुळाक्षरे. दोन त्रिकोण टोकाशी टोक लावून मांडले की माणसाचे धड होते. अशी माणसे एकामागे एक वळणाने गुंफली की तारपा नाच होतो. मोजक्या चिन्हांतून आणि ती जोडण्याच्या ठरलेल्या रीतींतून अवघे जग उभे राहते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला घराच्या भिंतीवरून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले.

चित्राला व्याकरण असते ही गोष्ट वारली स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या हाताने ठाऊक आहे. विवळवेढ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, मुंबईच्या कुलाब्याच्या टोकाला काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने हीच गोष्ट यंत्राला समजेल अशा काटेकोर भाषेत मांडण्याचा उद्योग १९६० नंतरच्या दशकात केला. प्रा. रंगस्वामी नरसिंहन हे त्यांचे नाव. त्यांच्यापुढे वारली चित्रे नव्हती, अणुकणांच्या मार्गांची छायाचित्रे होती. ही जोड समजुतीपुरतीच घ्यावयाची. परंतु संगणकाच्या शास्त्राचा पाया कशात आहे, हे तिच्यातून जितके स्वच्छ कळते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येतून कळणार नाही. तो पाया यंत्रात नाही. एखादी गोष्ट कोणत्या घटकांची बनली आहे, ते घटक कोणत्या नियमांनी जोडले जातात आणि तो नियम बरोबर आहे हे कशावरून, या तीन प्रश्नांत तो आहे. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण आज महाराष्ट्रात गावोगाव उपलब्ध झाले असताना नेमके हेच प्रश्न अभ्यासक्रमाच्या कडेला पडत आहेत. म्हणून नरसिंहन यांच्या आयुष्याची उजळणी करणे अगत्याचे आहे.

अननुभवी हातांचे यंत्र

नरसिंहन यांचा जन्म १९२६ साली मद्रासचा. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दूरसंचाराचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्युत अभियांत्रिकी आणि पुढे इंडियाना विद्यापीठात गणित असा त्यांचा प्रवास झाला व गणितातच त्यांनी डॉक्टरेट मिळविली. अभियंत्याचा हात आणि गणितज्ञाची दृष्टी यांचा हा संयोग पुढे त्यांच्या साऱ्या कामात दिसतो. १९५४ साली ते मायदेशी परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. होमी भाभांची ही संस्था तेव्हा अवघी नऊ वर्षांची होती आणि कुलाब्याची तिची आजची वास्तू अद्याप उभी राहावयाची होती.

भाभांची धारणा अशी होती की, अणुविज्ञानात स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे असेल तर देशाला स्वतःचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधता आले पाहिजे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्याच सुमारास ब्रिटनहून एक यंत्र आणविले होते. मुंबईने विकत घेण्याचा नव्हे, तर घडविण्याचा मार्ग पत्करला. ज्या तरुण मंडळींनी हे काम अंगावर घेतले त्यांच्यात नरसिंहन वगळता संगणक हाताळलेला माणूस जवळजवळ नव्हता. बाजारात सुटे भाग मिळत नव्हते. आधाराला होते ते परदेशांत प्रसिद्ध झालेले अहवाल आणि स्वतःची उमेद. या मंडळींनी प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र बांधले. ते १९५६ साली चालू लागले. मग पूर्ण आकाराच्या यंत्रास हात घातला. ते १९५९ साली तयार झाले व १९६० साली रीतसर कामास लागले. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले.

या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्याची स्मृती प्रत्येकी ४० अंशांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मोबाइलवर काढलेले एखादे साधे छायाचित्रही एवढ्या जागेत मावणार नाही. परंतु या तुटपुंज्या जागेनेच तेथल्या माणसांना शिस्त लावली. प्रत्येक शब्द कोठे ठेवायचा, कोणती आकडेमोड आधी करावयाची, एकच आज्ञासमूह पुन:पुन्हा कसा वापरावयाचा, याचा विचार कागदावर पुरता झाल्याखेरीज यंत्रापुढे जाता येत नसे.

टिफ्रॅकवर त्या काळीही टीका होण्यासारखी होती आणि ती खोटी नव्हती. यंत्र कामास लागले तेव्हा जगात निर्वात नलिकांचे दिवस संपत आले होते आणि ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक बाजारात आले होते. अवघ्या चार वर्षांत, १९६४ साली, संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० हा कितीतरी प्रबळ संगणक आला आणि टिफ्रॅक निवृत्त झाले. त्याच्यापासून देशात संगणकांचा कारखाना उभा राहिला नाही. केवळ यंत्र म्हणून हिशेब मांडला तर हा खटाटोप आतबट्ट्याचाच म्हणावा लागेल.

तथापि हा हिशेब अपुरा आहे. यंत्राचा एकूण एक तुकडा ज्यांनी जोडला, त्यांना त्याच्या अंतरंगाविषयी कोणताही गूढभाव उरला नाही. परदेशी पेढीचा संगणक भाड्याने घेणाऱ्या कचेरीत तो एक बंद पेटारा असे. पेटारा बिघडला की पेढीचा माणूस येईपर्यंत वाट पाहावयाची. कुलाब्यातील तरुणांना तो पेटारा उघडा होता. यंत्र मोडीत निघाले आणि माणसे राहिली. ती माणसे पुढे देशभरच्या प्रयोगशाळांत, प्रकल्पांत आणि वर्गांत गेली. १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहन झाले, यात या साऱ्या मांडणीची पावती होती.

चित्राचे व्याकरण

टिफ्रॅकचे काम मार्गी लागल्यावर १९६१ ते १९६४ या काळात नरसिंहन अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात होते. पदार्थवैज्ञानिकांपुढे तेव्हा एक विलक्षण अडचण उभी होती. बुद्‌बुदकक्षातून जाणारे अणुकण आपल्या मार्गाची बारीक रेघ मागे ठेवतात. अशा रेघांची छायाचित्रे ढिगांनी जमत होती. ती डोळ्यांनी तपासण्यास माणसे पुरत नव्हती. यंत्राने ही चित्रे पाहून त्यांतील महत्त्वाची घटना ओळखावी, अशी अपेक्षा होती. त्यासाठीच तेथे ‘इलियाक तीन’ या यंत्राचा आराखडा सिद्ध होत होता.

चित्र ओळखावयाचे म्हणजे ठरावीक नमुन्याशी ते ताडून पाहावयाचे, अशी तेव्हाची रूढ समजूत होती. नरसिंहन यांनी प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. वाक्य जसे शब्दांचे आणि शब्द जसे अक्षरांचे बनते, तसे चित्र हे बिंदू, रेघ, वळण, जोड अशा घटकांचे बनते. मग वाक्याचे व्याकरण करावे तसे चित्राचे व्याकरण का करू नये? चित्र ओळखणे म्हणजे ते एखाद्या पेटीत टाकणे नव्हे, तर त्याची रचना सांगणे होय, ही त्यांची भूमिका होती. १९६६ साली अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात त्यांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि चित्राकडे रचनेच्या अंगाने पाहणाऱ्या एका संशोधनप्रवाहाच्या आरंभकर्त्यांत त्यांची गणना होऊ लागली. याच पद्धतीने पुढे त्यांनी हाताने लिहिलेली अक्षरे ओळखण्याचे प्रयोगही केले.

१९६७ साली त्यांनी त्याहूनही मूलगामी प्रश्नास हात घातला. संगणक हे यंत्र आणि त्यास आज्ञा देण्याची भाषा या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. या दोहोंना एकाच सैद्धान्तिक चौकटीत बसवून दाखविण्याचा प्रयत्न त्यांनी एका दीर्घ निबंधात केला. ज्याने टिफ्रॅकसारख्या यंत्राच्या तारा जोडल्या त्यालाच हे सुचावे, यात नवल नाही. तारांनी जे करावयाचे ते आज्ञांनीही करता येते आणि आज्ञांनी जे करावयाचे ते तारांनीही. सीमारेषा कोठे आखावयाची हा बहुतांशी सोयीचा प्रश्न आहे, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते.

हे काम चालू होते तेव्हा पाश्चात्त्य जग एका संकटाच्या उंबरठ्यावर होते. यंत्रे झपाट्याने स्वस्त व सामर्थ्यवान होत होती, परंतु त्यांवर चालणाऱ्या आज्ञावल्या वेळेवर पुऱ्या होत नव्हत्या, खर्च अंदाजाबाहेर जात होता आणि पुऱ्या झालेल्या आज्ञावल्या चुका करीत होत्या. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने या विषयावर परिषद भरविली आणि ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्द तेथून रूढ झाला. पूल बांधणारा अभियंता जसा भार आणि ताण आधी मोजतो, तशी मोजणी आज्ञावलीचीही करता आली पाहिजे, असा त्यामागील आग्रह होता. हॉलंडचे डाइक्स्ट्रा, इंग्लंडचे होअर आदींनी आज्ञावलीच्या बिनचूकपणाची सिद्धता गणिती रीतीने कशी द्यावी, हे त्याच सुमारास दाखवून दिले. कुलाब्यातील विचार आणि गार्मिशमधील चिंता यांचे मूळ एकच होते. जे रचले त्याची रचना सांगता आली पाहिजे.

शिक्षणाची वाट

मुंबईत सॉफ्टवेअरच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला तो या पार्श्वभूमीवर. १९७० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने, नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्रांचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. १९८५ साली ते ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या नावाने स्वतंत्र झाले. जुहूचे हे केंद्र २००३ साली सी-डॅक या संस्थेत विलीन होईपर्यंत पदव्युत्तर शिक्षणाचे एक मानदंडच होऊन बसले होते. दुसरीकडे, १९८१ साली ‘सॉफ्टवेअर तंत्रविद्येचा पाया आणि सैद्धान्तिक संगणकशास्त्र’ या विषयावरील वार्षिक परिषदेस प्रारंभ झाला. तिचे पहिले अधिवेशन बंगलोरला भरले आणि ती परंपरा अखंड चालू आहे. परिषदेच्या नावात ‘पाया’ हा शब्द आरंभापासून आहे, हे विशेष.

या काळाचे राजकारणही ध्यानात घेतले पाहिजे. आयबीएम ही बलाढ्य कंपनी १९७८ साली भारतातून बाहेर पडली आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली. त्या घटकेस देशात यंत्राच्या पोटात शिरण्याची हिंमत असलेली माणसे होती, म्हणून कारभार थांबला नाही. १९७७ साली नरसिंहन यांना पद्मश्री मिळाली.

उत्तरायुष्यात ते भाषेकडे वळले, ही त्यांच्या विचाराची स्वाभाविक परिणतीच होय. मूल भाषा कशी शिकते, भाषेच्या वर्तनाचा नमुना कसा बांधता येईल, या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९८१ साली आला. पुढे २००४ साली त्यांनी साक्षरतेच्या स्वरूपावर पाश्चात्त्य व भारतीय अनुभवांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. लेखन येणे म्हणजे साक्षर होणे हे सोपे समीकरण त्यांना अपुरे वाटे. आपण जे करतो त्याकडे अलिप्तपणे पाहून त्याचे नियम शब्दांत मांडता येणे, ही खरी कसोटी. आपल्याकडील व्याकरणकारांनी तर हे मौखिक परंपरेत राहूनही साधले होते. २००७ साली नरसिंहन यांचे निधन झाले.

अभ्यासक्रमाचा प्रश्न

या आयुष्याचा आजच्या महाराष्ट्राशी संबंध काय? संगणकाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाही. पालघर जिल्ह्यातील आश्रमशाळेत शिकलेला मुलगा किंवा मुलगीही या वाटेने जाऊ शकते आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेथे पोहोचल्यावर तिच्या हाती काय पडते? बहुशः या वर्षी बाजारात चलती असलेली एखादी भाषा आणि दोन-चार साधने. त्यांचे आयुष्य टिफ्रॅकपेक्षाही अल्प असते. आज्ञावली चालली की गुण मिळतात. ती का चालली, कोणत्या परिस्थितीत चालणार नाही, हे विचारले जात नाही. तर्कशास्त्र, विविक्त गणित, भाषांचे व्याकरण, बिनचूकपणाची सिद्धता हे विषय असलेच तर परीक्षेपुरते पाठ करावयाचे.

पाया कच्चा राहिला तर काय होते, याची उदाहरणे प्रगत देशांतही आहेत. ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘एरियान ५’ हे अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटाच्या आत नष्ट झाले. जुन्या ‘एरियान ४’साठी लिहिलेला आज्ञावलीचा एक भाग तसाच उचलून नव्यात बसविला होता. नव्या बाणाचा वेग अधिक, त्यामुळे एक संख्या सोळा अंशांच्या जागेत मावली नाही आणि मार्गदर्शन यंत्रणा कोलमडली. ज्या गृहीतावर तो भाग जुन्या यंत्रात बरोबर होता ते गृहीत नव्या यंत्रात खरे राहिले नव्हते, आणि ते तपासले गेले नव्हते. साधने उत्तम होती, माणसे हुशार होती. एक मूलभूत प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ज्या घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयात जात आहे, त्या घराला पायाभूत सिद्धान्तांची चैन परवडेल काय? त्यास आधी नोकरी हवी आणि नोकरी साधने येणाऱ्यास मिळते. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे. परंतु त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. ज्याच्या पाठीशी शहर, ओळखी आणि पैसा आहे त्याला साधन बदलले तरी नवे शिकण्यास पुन्हा सवड मिळते. विवळवेढ्याच्या मुलीला ती सवड एकदाच मिळणार. त्या एका संधीत तिला उद्या कालबाह्य होणारे कसब द्यावयाचे की आयुष्यभर पुरणारी दृष्टी, हा खरा प्रश्न आहे. पाया ही श्रीमंतांची चैन नाही. ती गरिबाची गरज आहे.

आता तर या प्रश्नाला निकड आली आहे. सांगितलेली आज्ञावली क्षणात लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. केवळ भाषा आणि साधने येणाऱ्याचे काम ती मोठ्या प्रमाणात करू लागली आहेत. नेमके काय हवे ते निःसंदिग्धपणे सांगणे आणि यंत्राने दिलेले बरोबर आहे की नाही हे पडताळणे, ही कामे मात्र माणसाकडेच येतात. म्हणजे चित्राचे व्याकरण मांडणाऱ्याची गरज वाढली आणि ठरीव चित्र गिरविणाऱ्याची कमी झाली.

नरसिंहन यांच्या पिढीचा एक दोषही येथे सांगितला पाहिजे. त्यांनी उत्तम पाया घातला, पण तो मोजक्या संस्थांच्या आवारात. विद्यापीठे आणि त्यांना जोडलेली महाविद्यालये त्या कामात फारशी सामील झाली नाहीत. संशोधन एकीकडे व अध्यापन दुसरीकडे अशी फारकत राहिली. ती भरून काढणे हे आज विद्यापीठांचे कर्तव्य ठरते. त्यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने एक लहानसा संगणक किंवा एक लहानशी आज्ञाभाषा तळापासून स्वतः उभारावी आणि आपण उभारलेले बरोबर का, याचा लेखी पुरावा द्यावा, एवढी अट घातली तरी पुष्कळ साधेल. अध्यापकांना त्याची तयारी करण्यास वेळ द्यावा लागेल आणि परीक्षेचे स्वरूप बदलावे लागेल. अडचण खर्चाची नाही, इच्छेची आहे.

कुलाब्याच्या त्या तरुणांजवळ साधने नव्हती, तयार अभ्यासक्रम नव्हता, वाट दाखविणारे वडीलधारे नव्हते. होती ती फक्त वस्तू पुरती समजून घेतल्याखेरीज पुढे न जाण्याची सवय. त्यांचे यंत्र चार वर्षांत जुने झाले. ती सवय मात्र जुनी होण्यासारखी नाही. ती कुलाब्याहून डहाणू-तलासरीपर्यंतच्या वर्गांत पोहोचविण्याची जबाबदारी आता अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांवर आहे.